डाव कोठे चुकला?

बुद्धिबळाचा डाव संपला, की हरणारा बहुधा एकच वाक्य बोलतो, "माझे लक्ष नव्हते." जिंकणारा काहीच बोलत नाही. तो हसतो आणि पुढचा डाव मांडतो. अशा प्रकारे कितीही डाव खेळले तरी खेळ सुधारत नाही. खेळ सुधारायचा असेल, तर संपलेला डाव पुन्हा मांडून तपासावा लागतो. तो कसा तपासायचा, हे आपण आपल्यासारख्याच दोन विद्यार्थ्यांच्या एका छोट्या डावावरून पाहू या. जवळ पट असेल तर मांडून बसा, म्हणजे पाठ लवकर समजेल.

प्रथम मोहऱ्यांची नावे पक्की करू. वजीर, घोडा, प्यादे हे शब्द उर्दूत आणि मराठीत जवळजवळ सारखेच आहेत. 'शह' आणि 'मात' तर फारसीतूनच आलेले. पण दोन ठिकाणी घोटाळा होतो. उर्दूत ज्याला 'रुख' म्हणतात, त्या कोपऱ्यातल्या मोहऱ्याला मराठीत 'हत्ती' म्हणतात. आणि उर्दूतला तिरका चालणारा 'फील' मराठीत 'उंट' होतो. फील म्हणजे हत्ती, हे तुम्हांला माहीत आहेच. म्हणून मराठीत बोलताना हत्ती कोणता, हे नीट लक्षात ठेवा.

आता घरांची नावे. पांढऱ्या मोहऱ्यांच्या बाजूने पाहिले असता डावीकडून उजवीकडे आठ उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत. आडव्या ओळींना पांढऱ्यांच्या बाजूपासून १ ते ८ असे आकडे आहेत. पांढरा राजा सुरुवातीला ई पट्टीत पहिल्या ओळीत असतो, म्हणून त्याचे घर ई१.

आमच्या शाळेत एका शनिवारी सुट्टीनंतर हा डाव झाला. पांढरे मोहरे नववीच्या मुलाकडे होते, काळे आठवीच्या मुलाकडे. आंतरशालेय स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता, त्यामुळे भोवती बरीच मुले जमली होती. खेळ्या अशा झाल्या :

१. पांढरे : प्यादे ई४. काळे : प्यादे ई५.
२. पांढरे : घोडा एफ३. काळे : प्यादे डी६.
३. पांढरे : उंट सी४. काळे : उंट जी४.
४. पांढरे : घोडा सी३. काळे : प्यादे जी६.
५. पांढरे : एफ३ वरचा घोडा ई५ वरील प्यादे मारतो. काळे : उंट डी१ वरील वजीर मारतो.
६. पांढरे : उंट एफ७ वरील प्यादे मारतो, शह. काळे : राजा ई७.
७. पांढरे : सी३ वरचा घोडा डी५, शह आणि मात.

सात खेळ्यांत डाव संपला. मुले हसली. आठवीच्या मुलाने मोहरे तसेच टाकले आणि म्हणाला, "सर, माझे नाव संघातून काढा. मला बुद्धिबळ येत नाही."

मी त्याला म्हणालो, "आधी हा डाव वहीत लिहून दे. मग नाव काढायचे की नाही ते पाहू."

डाव तपासण्याची ही पहिली पायरी. मोठ्या स्पर्धांमध्ये, जेथे विचाराला पुरेसा वेळ असतो, तेथे दोन्ही खेळाडूंना प्रत्येक खेळी लिहावीच लागते. लिहिलेला डाव खोटे बोलत नाही. आठवणीतल्या डावात मात्र आपण नकळत फेरफार करतो.

मुलाने डाव लिहून आणला. पट मांडून आम्ही शेवटापासून मागे जाऊ लागलो. ही दुसरी पायरी. शेवटच्या स्थितीत काळा राजा ई७ वर आहे. त्याला कोठे जाता येते का, हे घराघराने पाहिले. ई६ आणि ई८ या घरांवर पांढऱ्या उंटाचा मारा आहे. डी७ वर ई५ च्या घोड्याचा, एफ६ वर डी५ च्या घोड्याचा. एफ७ वरच्या उंटाला मारावे, तर त्याला ई५ च्या घोड्याचा आधार आहे. डी६, डी८ आणि एफ८ या घरांत काळ्यांचेच मोहरे आहेत. शह देणाऱ्या घोड्याला कोणी मारू शकत नाही. म्हणजे मात खरीच आहे.

एक खेळी मागे गेलो. राजा ई७ वर गेला, ही चूक होती का? नाही. तेव्हा दुसरे घरच नव्हते. जेथे एकच खेळी शक्य असते, तेथे चूक शोधू नये. ती त्याआधी झालेली असते.

आणखी एक खेळी मागे. येथे काळ्या उंटाने वजीर मारला. मी घाईने म्हणालो, "हे बघ, येथे चुकलास. वजिराचा मोह नडला."

तो म्हणाला, "पण सर, वजीर फुकट मिळत होता. तो घ्यायचा नाही, तर काय करायचे?"

प्रश्न योग्य होता. 'हे करायला नको होते' एवढे सांगून तपासणी पूर्ण होत नाही. 'मग काय करायला हवे होते?' याचे उत्तर पटावर मोहरे हलवून शोधावे लागते. ही तिसरी पायरी. आम्ही शोधले. वजीर न घेता डी६ च्या प्याद्याने ई५ वरचा घोडा मारला असता, तर पांढऱ्या वजिराने जी४ वरचा उंट मारला असता. हिशोब केला : घोडा आणि उंट यांची किंमत सारखी, प्रत्येकी तीन प्याद्यांएवढी. एकाच्या बदल्यात एक गेला. पांढऱ्याला फक्त एक प्यादे जास्त मिळाले. एका प्याद्याने मागे असलेला डाव अजून पुष्कळ वेळ लढता येतो. मुलाचा चेहरा थोडा खुलला.

पण एक प्यादे तरी का गेले? म्हणून आणखी मागे गेलो. चौथ्या खेळीत काळ्याने जी६ ला प्यादे का सरकवले? मी त्याला विचारले, "तेव्हा तुझ्या मनात काय होते?"

थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "सर, मला वाटले, माझ्या उंटाने त्यांचा घोडा जखडला आहे. घोडा हलला तर वजीर जाईल. म्हणून घोडा हलणारच नाही. मग मी सावकाश खेळलो."

डाव कोठे चुकला, ते येथे सापडले. चूक बोटांची नव्हती, समजुतीची होती. मोहरा जखडला जातो तो दोन प्रकारे. त्याच्यामागे राजा असेल, तर त्याला शहाच्या रेषेतून बाजूला होताच येत नाही. तशी नियमाचीच बंदी आहे. पण त्याच्यामागे वजीर असेल, तर नियमाची बंदी नाही. तो हलू शकतो. हलला तर नुकसान होईल, एवढेच. नियमाची बंदी मोडता येत नाही. पण नुकसान सोसण्याची तयारी असलेला प्रतिस्पर्धी ते सोसून पुढे जातो. पांढऱ्याने नेमके तेच केले. नऊ प्याद्यांएवढ्या किमतीचा वजीर दिला आणि राजा घेतला.

मग चौथी खेळी कोणती हवी होती? मुलाने स्वतःच राजाच्या बाजूचा घोडा उचलून एफ६ वर ठेवला. आम्ही पांढऱ्यांची तीच युक्ती पुन्हा खेळून पाहिली. घोड्याने ई५ चे प्यादे मारले, डी६ च्या प्याद्याने घोडा मारला. आता वजिराने जी४ चा उंट मारला, तर एफ६ चा घोडा वजिरालाच मारतो. युक्ती फसली. इतकेच नव्हे, तर मोहाला बळी पडून काळ्याने वजीर घेतला असता तरी, शेवटी डी५ वर शह द्यायला आलेला घोडा एफ६ च्या घोड्याने मारला असता. म्हणजे एका साध्या खेळीने उंटाला आधारही मिळाला आणि मातही टळली.

चौथी पायरी बहुतेक जण विसरतात. जिंकणाऱ्याच्याही खेळ्या तपासायच्या असतात. या मातेला 'लेगालची मात' म्हणतात. लेगाल हा अठराव्या शतकात पॅरिसमध्ये खेळणारा फ्रेंच खेळाडू, नामांकित खेळाडू फिलिदोर याचा गुरू. नववीच्या मुलाने ही युक्ती पाठ केली होती. आठवीच्या मुलाने दुसऱ्या दिवशी विचारले, "सर, माझा दुसरा घोडा सी६ वर असता तर?" आम्ही मांडून पाहिले. पांढऱ्या घोड्याने ई५ चे प्यादे मारले, की सी६ चा घोडा त्याला मारतो आणि तेथूनच जी४ च्या उंटाला आधारही देतो. पांढऱ्याचा घोडा जातो आणि बदल्यात मिळते एकच प्यादे. मात्र तेव्हाही काळ्याने घाईने वजीर घेतला, तर मात होतेच!

त्याने हे नववीच्या मुलाला दाखवले. तो म्हणाला, "जिंकलेला डाव कशाला तपासायचा?" पुढे आंतरशालेय स्पर्धेत हीच स्थिती आली. फरक एवढाच, की प्रतिस्पर्ध्याचा घोडा सी६ वर होता. आमच्या खेळाडूने पाठ केलेली युक्ती खेळली, घोडा गमावला आणि डावही हरला. परत येताना बसमध्ये त्याने आठवीच्या मुलाजवळ त्याची वही मागितली. तो डाव त्या दोघांनी मिळून तपासला. मला बोलावेच लागले नाही.

जगातले मोठे खेळाडूही असेच करतात. सोव्हिएत संघाचे मिखाईल बोत्विनिक १९४८ साली जगज्जेते झाले. ते शिक्षणाने विद्युत अभियंता होते. आपले डाव ते कठोरपणे तपासत आणि ती तपासणी छापून प्रसिद्ध करीत. तपासणीत काही चुकले असेल, तर लोकांनी दाखवावे, हा त्यामागचा हेतू. कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह हे पुढचे जगज्जेते त्यांच्याकडे शिकून गेले.

तुम्ही विचाराल, आता संगणक आहे, मग ही मेहनत कशाला? १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला सामन्यात हरवले, आणि आज तर मोबाईलवरचा कार्यक्रमसुद्धा क्षणात चूक दाखवतो. त्याची मदत जरूर घ्या. पण शेवटी घ्या. संगणक सांगेल, की प्यादे जी६ ही खेळी वाईट. 'घोडा हलणारच नाही' असे तुम्हांला वाटले होते, हे त्याला कसे कळणार? ते फक्त तुम्हांलाच माहीत असते, आणि सुधारायचे असते नेमके तेच.

शेवटची पायरी सर्वांत छोटी. तपासणी झाली, की वहीत एकच वाक्य लिहावे. आठवीच्या मुलाने त्या डावाखाली लिहिले होते : "समोरचा हलणार नाही, असे धरून खेळू नये, हलला तर काय होईल, ते पाहावे."

त्याचे नाव संघातून काढावे लागले नाही.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) उर्दूतील 'रुख' आणि 'फील' यांना मराठीत काय म्हणतात?
(आ) 'राजा ई७' ही खेळी चूक का म्हणता येत नाही?

२. मोहरा जखडण्याचे दोन प्रकार कोणते? त्यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

३. नववीच्या मुलाचा स्पर्धेतील डाव का हरला? पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मोह नडणे, युक्ती फसणे, चेहरा खुलणे, बळी पडणे.

५. मित्राशी एक डाव खेळा. सर्व खेळ्या मराठीत लिहा. हरणाऱ्याने आणि जिंकणाऱ्याने प्रत्येकी एक चूक शोधून तिच्याऐवजी कोणती खेळी हवी होती ते लिहा.