बुद्धिबळ : हौशी डोळा आणि जाणता डोळा

बुद्धिबळ हा जन्मजात हुशारांचा खेळ, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की विशीच्या उंबरठ्यावर कोणी तो नेटाने शिकू लागला तर लोक त्याच्याकडे काहीशा कीवेने पाहतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली, एकोणिसाव्या वर्षी, महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून तर हे उदाहरण प्रत्येकाच्या ओठांवर! पण ज्याला विश्वचषक नको, फक्त कालच्यापेक्षा आज बरे खेळायचे आहे, अशा हौशी माणसाने काय करावे? गेली दोन वर्षे मी दर रविवारी एका जाणत्या खेळाडूकडे शिकायला बसतो. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

प्रथम हुशारीचा प्रश्न. आद्रियान डी ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः उत्तम खेळाडू होता, आपल्या १९४६ च्या प्रबंधात नामवंत आणि साध्या खेळाडूंना तोच पट देऊन मोठ्याने विचार करायला लावले. श्रेष्ठ खेळाडू कितीतरी अधिक खेळ्या पुढचे पाहत असणार, अशी कोणाचीही अपेक्षा. तसे फारसे आढळले नाही. ते योग्य खेळीकडे आधी पाहत होते, एवढेच. पुढे १९७३ साली चेस आणि सायमन या अमेरिकन संशोधकांनी खऱ्या डावातील पट पाच सेकंद दाखवून झाकला. उस्तादाने बरीचशी मोहरी अचूक मांडली, नवशिक्याला थोडीच आठवली. मग मोहरी कशीही विखरून ठेवली, तेव्हा उस्तादाची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली!

मराठी वाक्य आपण एका नजरेत वाचतो; त्यातलीच अक्षरे उलटसुलट करून दिली तर चार अक्षरेही ध्यानात राहत नाहीत. म्हणजे उस्तादाची स्मरणशक्ती काही निराळी नसते, त्याला पटावरची भाषा येते. आणि भाषा विशीतही शिकता येते, निदान कामापुरती. मला या प्रयोगाने फार धीर दिला.

ही भाषा सर कशी शिकवतात? माझे काही मित्र सिसिलियन बचावाच्या बारा-बारा खेळ्या तोंडपाठ करीत असताना सरांनी पहिले दोन महिने पटावर तीनच मोहरी ठेवली. पांढरा राजा डी-६ वर, त्याचे प्यादे ई-६ वर आणि काळा राजा ई-८ वर. पाळी पांढऱ्याची असेल तर प्यादे ई-७ वर जाते, काळ्या राजाला एफ-७ खेरीज घर उरत नाही, पांढरा राजा डी-७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होतो. आता तीच स्थिती, पण पाळी काळ्याची. काळा राजा डी-८ वर, नेमका समोरासमोर, येऊन उभा राहतो. प्यादे ई-७ वर जाऊन शह देते, काळा राजा ई-८ वर परततो. आता प्यादे राखायचे तर पांढऱ्या राजाला ई-६ वर यावेच लागते. पण मग काळ्याला शह नाही आणि हलायला घरही नाही. डाव बरोबरीत! मोहरी तीच, घरे तीच. फरक फक्त पाळीचा. एकदा हे डोळ्यांत मुरले की गर्दीच्या पटावरही आपण शेवटी उरणाऱ्या प्याद्यांकडे पाहू लागतो. मोहरी मारामारी करून कमी करावीत की नको, हे ठरवायला मग आधार मिळतो.

दुसरी गोष्ट वहीची. खेळलेला डाव संगणकाला दाखवण्यापूर्वी वहीत उतरवायचा आणि निर्णायक खेळीशेजारी 'येथे मला काय वाटत होते' ते लिहायचे. आपल्या डावांचे कठोर परीक्षण करावे, हा आग्रह १९४८ साली जगज्जेता झालेल्या बोट्विनिकचा. तो व्यवसायाने विद्युत अभियंता. कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक त्याच्या शाळेतून गेलेले. संगणक क्षणात उत्तम खेळी सांगतो, आणि आजच्या विद्यार्थ्याला तो फुकट मिळतो. पण ती खेळी मला का सुचली नाही, हे त्याला विचारून उपयोग नाही. सर मात्र वही वाचून पेन्सिलीने एखादे वाक्य अधोरेखित करतात आणि विचारतात, "इथे समोरच्याला काय हवं होतं, याचा विचार कुठाय?" बहुतेक हौशी खेळाडूंच्या वह्यांत तो नसतोच, असे त्यांचे म्हणणे.

१९३५ साली अलेखाइनला हरवणारा मॅक्स यूवे गणिताचा शिक्षक होता. त्याने वॉल्टर मायडेन या भाषेच्या प्राध्यापकाबरोबर उस्ताद विरुद्ध हौशी अशा डावांचेच एक पुस्तक लिहिले. हौशी माणसाला काय समजत नाही, हे सांगायला दुसरा हौशी माणूसच शेजारी हवा, हे त्याने ओळखले असावे.

गुरूला आपल्यासाठी वेळ काढता येत नाही, तो आपणच काढायचा. परीक्षेच्या महिन्यात माझी वही कोरी असते; सर काही बोलत नाहीत, तीन मोहरी मांडतात. आपल्या जिमखान्यातही दोन पट आहेत. एकातला काळा उंट हरवला आहे म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. वरच्या स्थितीला उंट लागतच नाही.