‘इंटरेस्ट’ या शब्दाचे तीन अर्थ

मराठी माध्यमातून महाविद्यालयात आलेला विद्यार्थी ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड, एवढेच जाणून असतो. केन्स यांच्या १९३६ मधील ग्रंथाच्या शीर्षकात तोच शब्द रोजगार आणि पैसा यांच्यामध्ये आढळला की तो गोंधळतो. तेथे त्याचा अर्थ व्याज. ‘पब्लिक इंटरेस्ट’मध्ये तोच शब्द हित होतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मध्ये असणे’. त्यातूनच संबंध आणि हितसंबंध हे अर्थ निघाले. म्हणूनच न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’, म्हणजे हितसंबंध नसलेला असावा. ‘अनइंटरेस्टेड’, म्हणजे उदासीन, मात्र नसावा. असे भेद शब्दार्थांच्या पाठांतराने उमगत नाहीत. ते वाक्यांतूनच शिकवावे लागतात. अन्यथा कर्जाच्या कागदावर सही करताना शब्द ओळखीचा वाटेल, अट मात्र कळणार नाही.