मिरची आणि भोळा द्वारपाल

मिरचीच्या ठेच्याचा घास घेताच तोंडाला आग लागते. परंतु मिरचीत निखारा तर नसतो. मग ही आग येते कोठून?

प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. त्यात प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. जिभेतील वेदनावाहक मज्जातंतूंच्या पटलावर असाच एक द्वारपाल उभा आहे. उष्णता सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेली की दार उघडावे, हे त्याचे कर्तव्य. दार उघडताच सोडियम व कॅल्शियम यांचे विद्युद्भारित कण आत धावतात, मज्जातंतू संदेश धाडतो आणि मेंदू ओरडतो, "भाजले!"

मिरचीतील कॅप्सेसिन हा रेणू मोठा लबाड! तो या प्रथिनाच्या खाचेत नेमका जाऊन बसतो आणि उष्णता नसतानाही दार उघडतो. बिचाऱ्या मेंदूला ही खोटी वर्दी खरीच वाटते. मग घाम काय, अश्रू काय, सर्वांची धावपळ उडते! पाण्याचाही उपयोग होत नाही. कारण हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दुधाने मात्र आराम पडतो.

पोपटाचा द्वारपाल या लबाडीला भुलत नाही. म्हणून मिठूमियाँ मिरच्या खुशाल खातात.

डेव्हिड ज्युलियस व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली हा द्वारपाल शोधून काढला. पुढे २०२१ साली ज्युलियस यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही या द्वारपालास मूर्ख म्हणू नये. तापलेल्या तव्यावरून हात मागे घ्यावयास सांगणाऱ्या पहारेकऱ्यांत तोही एक आहे. क्वचित फसणारा पहारेकरी झोपलेल्या पहारेकऱ्यापेक्षा केव्हाही बरा!