रात्री दोन वाजता तिथे कोण असतं? नर्सिंग होम निवडण्याआधी एवढं बघा



डोलवी, वडखळ, गडब या बाजूच्या गटांच्या बैठकीला बसलं की मी कर्ज रजिस्टर चाळते. कर्जाचं कारण लिहायच्या रकान्यात एक शब्द सारखा दिसतो, "दवाखाना". गट कर्ज देताना विचारतो, फेडणार कशी, जामीन कोण? कुठल्या दवाखान्यात, कसलं ऑपरेशन, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर आगाऊपणा वाटेल, घरातलं मागणं वाटेल. पण पैसे गटाचे आणि जीव आपल्यातल्याच बाईचा. म्हणून या अंकात हा विषय घेतला.

नर्सिंग होम म्हणजे पेशंटला ॲडमिट करून घेणारा खासगी दवाखाना, मग खाटा पाच का असेनात. नुसती तपासणी करून गोळ्या देतात ते क्लिनिक. खाटा ठेवायच्या तर आपल्या राज्यात १९४९ पासून कायदा आहे आणि नोंदणी करावी लागते. ती तीन वर्षांची असते, मग नूतनीकरण. बाहेर रस्त्यावर दिव्यांचा बोर्ड कितीही मोठा असो, आपण बघायचा तो आत भिंतीवर लावलेला नोंदणीचा कागद. त्यावरची तारीख संपली नाही ना, एवढं तरी वाचा. २०२१ मध्ये या कायद्याचे नियम सुधारले, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दिसतील असे लावणं बंधनकारक आहे. खाटेचा दर, डॉक्टरांच्या व्हिजिटचा दर वगैरे. नसेल लावलं तर शांतपणे विचारायचं, "दरपत्रक कुठे लावलंय हो?"

डॉक्टरांच्या नावापुढची अक्षरंही वाचा. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस ही वेगवेगळी शिक्षणं आहेत. बाळंतपणाला जायचं तर तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आहे का, रोज असतात की आठवड्यातून दोनदा पनवेलहून येतात, हे माहीत हवं. बोर्डावर सात डॉक्टरांची नावं असतात, त्यातले सहा "ऑन कॉल" असतात.

आता मुख्य गोष्ट. मला कोणी एकच प्रश्न विचारायला सांगितला, तर मी हा विचारीन: रात्री दोन वाजता इथे कोण असतं?

दिवसा सगळेच दवाखाने चांगले दिसतात. फरशी पुसलेली, रिसेप्शनला मुलगी, एसी चालू. बाळंतपण काही दिवसाचं बघून येत नाही. ऑपरेशननंतर ताप चढतो, टाक्यातून रक्त येतं, श्वास लागतो, ते पुष्कळदा रात्रीच. तेव्हा इमारतीत डॉक्टर आहे का? डॉक्टरांचं घर वरच्या मजल्यावर असेल तर ती मोठी जमेची बाजू. लहान गावात असे डॉक्टर आहेत, रात्री-अपरात्री उठतात, त्यांचं ऋण मानायलाच हवं. पण डॉक्टर संध्याकाळी घरी पनवेलला जात असतील तर मागे कोण? सिस्टर असेल तर तिचा कोर्स झालाय का? एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स आहेत आणि नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. पांढरा ड्रेस घातलेली प्रत्येक मुलगी सिस्टर नसते. बिचारी दहावी-बारावी होऊन मदतीला लागलेली असते. तिचा दोष नाही, पण सलाइन लावणं, बीपी बघून धोका ओळखणं तिच्या भरवशावर सोडता येत नाही.

हे कळायचं कसं? रिसेप्शनवर विचारा, आणि कोणी ओळखीचं ॲडमिट असेल तर रात्री नऊनंतर भेटायला जा. दहा मिनिटं बाकावर बसा. कोण फिरतंय, बेल वाजल्यावर कोण येतं, किती वेळाने येतं, ते दिसतं. गेल्या वर्षभरात तिथे राहून आलेल्या दोन-तीन बायकांशी बोला. "डॉक्टर कसे आहेत" असं विचारलं की सगळ्या "चांगले आहेत" म्हणतात. त्यापेक्षा "रात्री त्रास झाला तेव्हा कोण आलं, किती वेळाने आलं" असं विचारा. आणि जो माणूस स्वतःहून "अमक्याच दवाखान्यात न्या" म्हणून फार आग्रह धरतो, त्याला त्यातून काही मिळतं का, याचाही मनात विचार करा. पेशंट पाठवल्याचं कमिशन ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

रात्रीच्याच प्रश्नाला जोडून दुसरा: केस हाताबाहेर गेली तर पुढे कुठे पाठवता, आणि कशातून? बाळंतपणानंतर रक्त थांबलं नाही तर दोन तासांतही बाई दगावू शकते. म्हणून रक्त कुठून आणता, किती वेळ लागतो, हे सातव्या महिन्यातच विचारून ठेवायचं. भूल देणारे डॉक्टर बोलावल्यावर किती वेळात येतात, तेही. आपल्याला हा महामार्ग माहीत आहे. गणपतीत नाहीतर शनिवार-रविवारी वडखळ नाक्यावर गाडी अडकली की अडकली, मग अलिबाग आणि पनवेल दोन्ही लांबच. पावसात लाईट गेल्यावर ऑपरेशन थिएटरला जनरेटर आहे का, इन्व्हर्टरवर भागवतात का, तेही विचारा.

सिझरबद्दल थोडं. सिझरने जीव वाचतात, त्यात वाईट काही नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सरकारी दवाखान्यांत शंभरातली साधारण १४ बाळंतपणं सिझरने झाली होती आणि खासगीत ४७. अवघड केसेस खासगीत जातात असं म्हणावं, तर उलट कितीतरी अवघड केसेस शेवटी सरकारीत येतात. तेव्हा सिझर का, हे कारण मराठीत समजावून मागायचा आपल्याला हक्क आहे. संमतीच्या कागदावर सही त्यानंतर. कोऱ्या कागदावर तर नकोच.

आणि पिशवीचं ऑपरेशन. हे जरा सविस्तर सांगते, कारण गटात यासाठी कर्ज मागणाऱ्या ताई चाळिशीच्या आतल्याही असतात. अंगावरून पांढरं जातं, पाळीला जास्त जातं, कंबर दुखते, म्हणून दाखवायला गेलं आणि "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं ऐकून आलं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या बाबतीत हे इतकं झालं की २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. पुष्कळ जणी ऐन तरुण होत्या. तिथल्या खासगी दवाखान्यांना मग या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची अट आली.

पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधाने बरं होतं. जास्त रक्तस्रावालाही आधी गोळ्या आणि इतर उपाय असतात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास तिशी-पस्तिशीत सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि पुढची कितीतरी वर्षं भातशेतीत नाहीतर मिठागरात वाकून काम करायचं असतं. कॅन्सरचं नाव काढलं तर विचारायचं, "कुठल्या तपासणीत दिसलं? रिपोर्ट द्या." गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, गरज पडली तर तुकडा काढून तपासणी, असा कागद हवा. नुसत्या सोनोग्राफीवर कॅन्सर ठरत नाही. तो कागद घेऊन पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, डॉक्टर रागावले तरी. मात्र रक्त थांबतच नाही, चक्कर येऊन पडली, अशी वेळ असेल तर मतं गोळा करत बसू नका, आधी जवळच्या दवाखान्यात गाठा. तातडीच्या पेशंटला अडवून न ठेवता आधी उपचार करायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

पैशाचं बघू. ॲडमिट होताना अंदाजे खर्च लेखी मागा. निघताना एकत्रित आकडा न घेता बाबवार बिल घ्या: खाट किती दिवस, औषधं कुठली, हातमोजे किती. औषधं दवाखान्यातल्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नसते. तसा फलक लावायला अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं आहे. केसपेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवी. बिल राहिलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. ही गोष्ट लिहिताना बरं वाटत नाही, पण माहीत असावी.

ऑपरेशन थांबण्यासारखं असेल तर कर्ज मंजूर करण्याआधी गटाने एक काम करावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, विचारावं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. नंबर १५५३८८. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्यालाच आधी भेटायचं. लहान नर्सिंग होम बहुतेक योजनेत नसतात, आणि तिथे कोणी आपणहून हे सांगणार नाही.

स्वच्छतेला मी फरशीवरून मार्क देत नाही. कचऱ्याचे डबे बघते. पिवळा, लाल, निळा आणि सुयांसाठी पांढरा, असे वेगळे असायला हवेत. सगळं एकाच बादलीत असेल, किंवा मागच्या बाजूला सलाइनच्या नळ्या पडल्या असतील, तर ओटीत काय चालत असेल याचा अंदाज करा. संडासात पाणी आणि साबण आहे का, तेही बघा. बाळंतीण तिथेच जाणार आहे. आणि बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, त्याला कुलूप तर नाही ना? जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. ते सरकारी होतं. आग सरकारी-खासगी बघत नाही.

पुरुष डॉक्टर तपासत असताना बाईमाणूस सोबत असणं हा आपला हक्क आहे. सनदेतच आहे. लाजू नका, "सिस्टरला बोलवा" म्हणा.

तक्रार असेल तर तोंडी भांडून उपयोग होत नाही, सिक्युरिटीवाला तेवढा बाहेर काढतो. साध्या कागदावर तारीख, नाव, काय झालं ते लिहा, दवाखान्यात द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मग एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि एक जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. दोन्ही कार्यालयं अलिबागलाच आहेत. अर्ज लिहायला मी येईन, गटाच्या सचिवताईंनी फोन करावा.

पुढच्या बैठकीत एक करू या. गटातली कोण गरोदर आहे, कोणाच्या घरी ऑपरेशन ठरतंय, त्या ताईंनी वरचे प्रश्न विचारून यायचं आणि उत्तरं बैठकीत सांगायची. हिशेबनीस ताईंनी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर दवाखान्याचं नाव, रात्री कोण असतं, रक्त कुठून येतं, एवढं लिहायचं. त्याच पानावर वर हे नंबर: अॅम्ब्युलन्स १०८, गरोदर बाईला न्यायला-आणायला १०२, सल्ल्यासाठी १०४, आणि सगळ्यात आधी आपल्या आशाताईंचा.