दमदमची खरखर की महाडची बुरशी?

मुंबईजवळ 2024 मध्ये रेकॉर्ड काढणारा नवा कारखाना सुरू झाला आणि शौकिनांच्या गप्पांत जुना वाद उफाळून आला. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ऐकायचा तर कुठल्या प्रेसिंगवर? 1973 च्या विलायती, जपानी, की आपल्या दमदमच्या? लेबलवर भरीव निळा त्रिकोण असलेल्या पहिल्या विलायती प्रतींना मान आणि भाव दोन्ही भरपूर. आपली प्रत मात्र ‘खरखर फार’ म्हणून बाजूला पडते. हा निकाल मला घाईचा वाटतो, निदान महाड-पोलादपूरच्या घरांतल्या रेकॉर्डबाबत तरी.

प्रत्येक प्रेसिंगचा आवाज वेगळा येतो, यात जादू नाही. मूळ खोदकामावरून धातूची ‘मदर’ बनते, तिच्यावरून स्टँपर, आणि स्टँपरने रेकॉर्ड दाबल्या जातात. मोदकाचा साचा झिजला की कळ्या बोथट येतात, तसंच स्टँपरचं. म्हणून जाणकार कव्हर उलटसुलट न करता लेबलभोवतीची कोरी पट्टी उजेडात धरतात. ईएमआय कंपनीच्या विलायती प्रतींवर लेबलच्या डावीकडे मदरचा आकडा असतो, उजवीकडे स्टँपरची अक्षरं. त्यांची किल्ली ‘जीआरएएमओपीएचएलटीडी’ या दहा अक्षरांत आहे: जी म्हणजे 1, आर म्हणजे 2, शेवटचा डी म्हणजे शून्य. ‘जीडी’ दिसलं की दहावा स्टँपर. नुसत्या ‘जी’साठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात; पहिल्या स्टँपरचीही शेवटची प्रत झिजलेल्या साच्याचीच असणार, हे मात्र सोयीस्कर विसरतात.

कोलकात्याजवळच्या दमदमचा कारखाना ग्रामोफोन कंपनीने 1928 मध्ये उभारला. तिथल्या कित्येक रॉक एलपींवर लंडनचेच मॅट्रिक्स क्रमांक सापडतात, म्हणजे खोदकाम तिथलंच. फरक पडतो तो कच्च्या मालात आणि दाबताना घेतलेल्या काळजीत.

आणि साठवणीत! आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. बुरशी धरते ती कव्हरच्या कागदावर, धुळीवर, बोटांच्या तेलकटपणावर. तिथून ती खाचेत उतरते. 2021 च्या जुलैतल्या पुरानंतर तर हे कुणाला सांगायलाच नको. भिजलेलं कव्हर जातं, रेकॉर्ड बहुधा वाचते. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं, वाळवणं सावलीत. उन्हात ठेवलीत तर वाकलीच. हे एलपीसाठी. जुन्या 78 च्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट चुकूनही लावू नका.

धुतल्यावर खरखर उतरली तर दोष घरच्या हवेचा. सलग सळसळ तशीच राहिली तर मालाचा. दर 1.8 सेकंदांनी ‘टक्’ होत असेल तर चरा किंवा एखादा उंचवटा, कारण एक फेरा तेवढ्याच वेळाचा.

मग तुलना करा, पण दोन्ही प्रतींचा आवाज सारखा ठेवून. कानाला जरा मोठं वाजलेलं नेहमीच सरस वाटतं. सुरुवातीच्या हृदयाच्या ठोक्यांत खरखर पकडता येते, पण खरी परीक्षा पहिल्या बाजूच्या शेवटी, गायिका क्लेअर टोरीच्या गळ्याची. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सरकते, आत जेमतेम 21. तेवढ्यात सगळा तपशील कोंबलेला. तिथे दमदमची प्रत चिरकली नाही, तर विलायतीचे जादा पैसे वाचले.