टवका खरा की रंगवलेला?

कॉस्प्ले स्पर्धेत हेल्मेट परीक्षकांच्या टेबलावर आलं की आमचा पहिला प्रश्न रंगाबद्दल नसतो. ‘कुठल्या सिनेमातलं?’ असं आम्ही विचारतो. स्टार वॉर्समधला बोबा फेट म्हटलं की बहुतेकांना एकच हिरवट, पोचा पडलेलं हेल्मेट आठवतं. आम्हाला निदान दोन आठवतात. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये डोळ्यांच्या काळ्या काचेभोवतीचा लाल भाग काळपट, मरूनकडे झुकणारा आहे. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये तो उजळ लाल झाला. एका सिनेमाचा लाल आणि दुसऱ्याचे ओरखडे अशी सरमिसळ केलेली हेल्मेट टेबलावर नेहमी येतात. लांबून ती फार देखणी दिसतात, पण अचूकतेचे गुण तिथेच कमी होतात.

गंमत अशी की हे पात्र आलं तेव्हा पांढरंशुभ्र होतं. राल्फ मॅक्वारी आणि जो जॉन्स्टन यांनी ते आखलं आणि जून १९७८ मध्ये त्याची कॅमेऱ्यासमोर चाचणी झाली, तीही पांढऱ्या पोशाखात. रंग चढवला तो जॉन्स्टनने, नंतर. त्याच सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या सॅन अँसेल्मो गावच्या मिरवणुकीत डार्थ व्हेडरच्या बरोबरीने बोबा फेट चालला. त्याचा सिनेमा यायला अजून दीड वर्षाहून जास्त अवकाश होता. म्हणजे ज्या मळक्या, खरचटलेल्या रंगावर लोक भाळले, तो कुठल्याही लढाईत मिळालेला नव्हता. एका चित्रकाराने बसून, विचार करून तो चढवला होता, आणि आम्ही जे तपासतो ते खरं तर त्याचा हात.

हा हात ओळखायचा कसा? मूळ हेल्मेटचे जवळून घेतलेले फोटो पाहिले की थर दिसतात. खाली चंदेरी, त्यावर करडा, सगळ्यांत वर हिरवा. टवका उडालाय तिथे चंदेरी दिसतो आणि त्याच्या कडेने करड्याची बारीक किनार. नवखा कारागीर हिरव्याचा हात देतो आणि त्यावर चंदेरी रंगाचे ठिपके टेकवतो. आम्ही टॉर्च आडवा धरतो. खरा टवका खोल असतो, त्याच्या कडेची बारीक सावली आत पडते. वरून रंगवलेला टवका उंच असतो, त्याची सावली बाहेर पडते. इतकं साधं आहे ते, पण हॉलच्या दिव्यांत नुसत्या डोळ्यांना कळत नाही. जाणकार कारागीर आधी चंदेरी मारून घेतात, टवक्यांच्या जागी मास्किंगचा द्रव लावतात, मग पुढचा थर, पुन्हा मास्किंग, पुन्हा थर. शेवटी सगळं एकदम सोलून काढायचं. सोलताना चुकून जास्त निघालं तर त्या जागेची सुरुवात पुन्हा चंदेरीपासून. हे काम करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

१९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये स्टार वॉर्सच्या मूळ वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्या प्रदर्शनातल्या फोटोंवरून हौशी मंडळींनी बोबा फेटच्या पोशाखाचा एकेक डाग टिपून काढला. रंगांचाही शोध लागला. मूळ काम फ्लोक्विलच्या रंगांत झालं होतं. फ्लोक्विल म्हणजे आगगाड्यांची मॉडेल करणाऱ्यांचा रंग. काही छटांची नावंही रेल्वेच्या डब्यांवरून पडलेली. २०१३ मध्ये कंपनीने ही मालिका बंद केली आणि राहिलेल्या बाटल्या लोकांनी अक्षरशः साठवून ठेवल्या. तेव्हापासून पर्यायी रंगांच्या जुळणीवर परीक्षकांमध्ये जितके वाद झाले, तितके दुसऱ्या कशावरही झाले नसतील.

मुंबईतल्या एका कॉस्प्ले स्पर्धेत डोंबिवलीहून आलेल्या एका मुलाने स्टॉर्मट्रूपरचं हेल्मेट टेबलावर ठेवलं. सफाई अशी की मी दोन मिनिटं नुसती बघत राहिले. थ्रीडी प्रिंटवर छपाईच्या रेघा राहतात. त्याने लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून त्या पूर्ण घालवल्या होत्या. पावसाळ्यात लॅकर मारला की दमट हवेने त्यावर पांढुरकी झाक येते. ती टाळण्यासाठी त्याने कोरडे दिवस धरून काम केलं होतं. गालाखालच्या निळ्या पट्ट्या स्टिकर कापून लावल्या होत्या, सगळ्या एकसारख्या.

“कुठला सिनेमा?” मी विचारलं.

“पहिला, ताई. १९७७ चा.”

“मग पट्ट्या अशा का?”

“ताई, एकेक पट्टी मोजून कापलीय. एकही वाकडी नाही.”

अडचण तिथेच होती. १९७७ च्या सिनेमात त्या पट्ट्या ब्रशने, हाताने रंगवलेल्या होत्या. जाडी कमी-जास्त, टोकं कुठे गोल तर कुठे तुटलेली. गर्दीच्या प्रसंगांसाठीची हेल्मेट एका जाड प्लास्टिकची होती, ज्यावर रंग धड धरतच नाही. मूळ प्लास्टिक मातकट रंगाचं, म्हणून वरून पांढरा द्यावा लागला, आणि मूळ वस्तूंवर तो ठिकठिकाणी सुटलेला दिसतो. तेव्हाच्या कारागिरांनी घाईत केलेलं काम आज कसोटी ठरलंय. मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. मग त्याने विचारलं, “म्हणजे मी मुद्दाम वाकडं काढायचं?” मुद्दाम नाही, मी म्हटलं. स्टिकर काढ, ब्रश घे, आणि एका बैठकीत सगळ्या पट्ट्या रंगव. हात जसा जाईल तसा जाऊ दे. मुद्दाम काढलेला वाकडेपणा तर आणखी पटकन ओळखू येतो, कारण तो सगळीकडे सारखाच वाकडा असतो. सफाईचे गुण त्याला भरपूर मिळाले. अचूकतेचे मिळाले नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

व्हेडरच्या बाबतीतही तेच. ब्रायन मुइरने तो मुखवटा मातीत हाताने घडवला, त्यामुळे त्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नाहीत. रंगही सरसकट काळा नाही. चकचकीत काळ्याला लागून गडद करड्या गनमेटलचे भाग आहेत. पडद्यावर हे कळतही नाही, पण प्रकाश चेहऱ्यावरून सरकतो तेव्हा तो मुखवटा जिवंत वाटतो त्याला हे दोन रंग कारण आहेत, असं माझं ठाम मत आहे. पूर्ण काळा व्हेडर टेबलावर आला की तो मला नेहमी सपाट वाटतो.

पण पडद्याकडे बघून रंग ठरवता येतो का? आरटू-डीटू या यंत्रमानवाचं उदाहरण घ्या. पहिल्या सिनेमातल्या अंतराळयुद्धाच्या काही शॉट्समध्ये त्याचे निळे भाग काळे दिसतात. निळ्या पडद्यासमोर निळा रंग पार्श्वभूमीबरोबरच गळून गेला असता, म्हणून तिथे ही तडजोड. शिवाय सेटवरच्या पिवळ्या दिव्यांखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. दोन्ही रंगांतली द्रव्यं वेगळी असली की असं होतं. म्हणून मी हेल्मेट एकदा पिवळ्या बल्बखाली आणि एकदा खिडकीपाशी नेऊन बघते. फक्त फोन समोर धरून केलेली तुलना मला मान्य नाही.

जुनेपणाचं परीक्षण मात्र वेगळं. तिथे नक्कल कमी, तर्क जास्त. ट्युनिशियात मार्च १९७६ मध्ये चित्रित झालेल्या वाळवंटातल्या शिपायांच्या पोशाखावर धूळ चढवलेली होती. ती धूळ जिथे बसेल तिथेच हवी: सांध्यांत, खाचांत, हनुवटीखाली. वर आलेल्या कडा, जिथे हात लागतो, त्या त्यामानाने स्वच्छ. काळा रंग पातळ करून सगळीकडे फासला आणि पुसला की हेल्मेट मळकं दिसतं, पण वापरलेलं वाटत नाही. मी कारागिराला एकेका ओरखड्यावर बोट ठेवून विचारते, हा कशाने पडला? उत्तर पटकन आलं तर बहुतेक वेळा काम चांगलं असतं.

या सगळ्या हस्तकलेबद्दल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचं मत मात्र वेगळं पडलं. २०११ मध्ये लुकासफिल्म विरुद्ध एन्सवर्थ खटल्यात न्यायालयाने ठरवलं की स्टॉर्मट्रूपरचं हेल्मेट हे शिल्प नव्हे, सिनेमा बनवण्याच्या कामातली ती उपयोगाची वस्तू. त्यामुळे शिल्पाला मिळणारं कॉपीराइटचं संरक्षण त्याला तिथे लागू झालं नाही. कायदा मला समजतो. तरी त्या हेल्मेटच्या गालावरच्या ब्रशच्या खुणा बघताना हा निकाल पचत नाही.

अलीकडे एक नवा पेच आलाय. लिलावात येणाऱ्या मूळ वस्तूंची ओळख पटवताना त्यांच्यावरचे डाग आणि ओरखडे सिनेमातल्या एकेका फ्रेमशी ताडून बघतात. पण इतक्या वर्षांत मूळ हेल्मेटही बदललीत: रंग पिवळे पडले, प्लास्टिक वाकलं, नवे ओरखडे पडले, काहींची डागडुजी झाली. मग प्रतिकृती कशाची करायची, चित्रीकरणाच्या दिवशीच्या हेल्मेटची की काचपेटीत आज ठेवलेल्याची? दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने भांडतात. मी प्रवेशअर्जात एक रकाना वाढवून घेतलाय. सिनेमाच्या नावाखाली कारागिराने लिहायचं, कुठल्या वर्षीची अवस्था. त्याने १९८० लिहिलं तर १९८० च्या फ्रेम काढायच्या, आजची म्हटलं तर प्रदर्शनातले फोटो काढायचे, आणि मग टॉर्च.