तिफणीचा सुतार आणि मोबाईलचा कारागीर

पूर्वी नवी तिफण करायला टाकली म्हणजे गावचा सुतार काय करीत असे ते आठवा. बैल उंच आहेत की खुजे, रान काळे की मुरमाड, हाकणार कोण आणि चाड्यावर मूठ कोण धरणार, हे सारे त्याला न सांगता ठाऊक असे. पेरणीत काही अडले तर त्याला निरोप जाई आणि तो वाकस घेऊन बांधावर येई. वस्तू करणारा आणि वापरणारा एकाच पांढरीत राहत. काम चुकले तर बलुत्याच्या वेळी चार शब्द ऐकावे लागत, तेही वेगळेच.

आता आपल्या घरात दिवसभर हाताळली जाणारी वस्तू कोणती? मोबाईल. सातबारा त्यावर, पीकविमा त्यावर, बाजारभाव त्यावर आणि बँकही त्यावरच. पण त्यातले अर्ज आणि बटणे ज्याने मांडली, तो कुठल्या गावचा हे आपल्याला माहीत नाही, आणि आपण कसे वापरतो हे त्याला माहीत नाही.

गेल्या खरिपातली गोष्ट. माझी आत्या सत्तरीला टेकलेली. शाळा चौथीपर्यंत, पण वाचता चांगले येते. बांधावर उभी राहून ती मोबाईलवर एक अर्ज भरीत होती. दुपारचे ऊन, त्यामुळे स्क्रीनवर धड दिसेना. बोटाला माती. सगळे भरून झाले, पण ‘पुढे’ हे बटण खाली दडलेले. स्क्रीन वर सरकवल्याशिवाय ते दिसतच नव्हते. तिने तीनदा पहिल्यापासून अर्ज भरला आणि शेवटी फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, “मला मेलीला काही कळत नाही बघ.”

जिने चाळीस वर्षे चाड्यावर मूठ धरून एकसारखे बी सोडले, तिला कळत नाही! मला त्या फोनपेक्षा तिच्या त्या वाक्याचे वाईट वाटले.

अशा वेळी चूक माणसाची न धरता वस्तूची धरावी, असे शिकवणारी एक विद्याशाखा आहे. तिला यूजर एक्सपीरियन्स डिझाइन म्हणतात, म्हणजे वस्तू वापरताना माणसाला काय अनुभव येतो हे पाहून तिची रचना करणे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. दार ढकलायचे की ओढायचे हे कळत नसेल, शेगडीचे कोणते बटण कोणत्या बर्नरचे हे रोज चुकत असेल, तर दोष वस्तूच्या रचनेचा, असे त्यांनी मांडले. १९९३ साली ते ॲपल कंपनीत गेले, तेव्हा त्यांनी आपल्या हुद्द्याच्या नावातच यूजर एक्सपीरियन्स हे शब्द घेतले. तिथून पुढे हे नाव रूढ होत गेले.

आपल्याकडे ही नजर त्याआधीची आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपे भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वांत जास्त वाखाणला तो लोटा! तो कमरेवर कसा बसतो, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, पाणी ओतताना धार कशी पडते, घासायला आत हात जातो की नाही, असे प्रश्न त्यांनी त्या साध्या भांड्याला विचारले. त्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. मुंबईत पवईच्या आय. आय. टी.मध्ये १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. आयडीसी म्हणतात ते हेच.

आपण म्हणाल, तिथे चित्रकला शिकवीत असतील. चित्रे काढावी लागतात, हे खरे. पहिल्या वर्षी रेखाटन, रंग, अक्षरे, कागद-लाकूड-मातीचे काम हे सारे असते. पण या शाखेचा गाभा दुसराच आहे. विद्यार्थ्याला लोकांच्या घरी, दुकानात, दवाखान्यात जाऊन बसावे लागते. माणूस काम कसे करतो, कुठे थांबतो, कुठे कपाळाला आठी पडते, ते टिपायचे. माणसाची स्मरणशक्ती किती धरून ठेवते, लक्ष कशाने विचलित होते, याचे मानसशास्त्र शिकायचे. मग कागदावर स्क्रीनची चित्रे काढायची, माणसापुढे ठेवायची आणि सांगायचे, “हा मोबाईल आहे असे समजा, आणि पैसे पाठवा.” तो कागदावर बोट ठेवतो, आपण पुढचा कागद सरकवायचा. एक ओळही संगणकात लिहिण्याआधी निम्म्या खोडी इथेच कळतात. जेकब नीलसन या अभ्यासकाने २००० साली मांडले, की अवघ्या पाच माणसांना वापरून पाहायला दिले तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात.

या परीक्षेत सर्वांत अवघड काय, तर गप्प बसणे. समोरचा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो आहे हे दिसत असते, जीभ वळवळते, पण सांगायचे नाही. आपल्या मुलीचा वा मुलाचा कल पाहायचा असेल, तर घरीच करून बघा. आजीच्या हातात फोन देऊन एखादे काम सांगायला लावा आणि लेकराला नुसते पाहत बसू द्या. दोन मिनिटांत फोन हिसकावून “दे, मीच करते” म्हणाली, तर अजून शिकायचे आहे. आजी कुठे अडली हे तिने वहीत लिहिले, तर या वाटेने जायला हरकत नाही.

अशा पाहण्यातून काय निघते, त्याचा एक मराठमोळा दाखला. मोबाईलवर मराठी लिहिणे फार दिवस जिकिरीचे होते. आयडीसीत स्वरचक्र नावाचा कळफलक तयार झाला. त्यात क, ख, ग, घ अशी शाळेतल्या ओळखीच्या क्रमाने अक्षरे मांडली. ‘क’वर बोट टेकवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते आणि हवे तिकडे बोट सरकवायचे. ज्याने बाराखडी घोकली त्याला निराळे शिकायला नको. विंडोजवरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवणारे र. कृ. जोशी हेही याच संस्थेत शिकवीत असत.

आता प्रवेशाचे. पवईला २०१५ पासून डिझाइनची चार वर्षांची पदवी आहे. तिच्यासाठी यूसीड ही परीक्षा असते. दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद इथल्या आय. आय. टी.तही तिच्यावरून प्रवेश मिळतो. गणित-विज्ञानच हवे असे नाही, कला आणि वाणिज्य शाखेची मुलेही बसू शकतात. दुसरी पदवी झालेल्यांसाठी सीड ही परीक्षा आहे. तिच्यावरून आयडीसीत इंटरॅक्शन डिझाइन या विषयात दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. एनआयडीची परीक्षा वेगळी. तिच्या दुसऱ्या टप्प्यात हाताने वस्तू करून दाखवावी लागते. इथे शेतावरच्या मुलांची बोटे मागे पडू नयेत.

अडचणीही सांगायला हव्यात. जागा थोड्या आहेत आणि चढाओढ मोठी. शिकवणे इंग्रजीत चालते, तेव्हा पहिले वर्ष जड जाते. सरकारी संस्थांत राखीव जागा आहेत, परंतु खाजगी विद्यापीठांची फी वर्षाला काही लाखांत जाते. एकराचा तुकडा गहाण टाकून ती भरावी असे मी तरी म्हणणार नाही. सहा महिन्यांत यू-एक्स शिकवतो म्हणणारे वर्गही शहरोशहरी निघाले आहेत. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी स्क्रीन काढायचे सॉफ्टवेअर तेवढे शिकवतात. स्क्रीन काढून देणे आता संगणकालाही जमू लागले आहे. आत्याशेजारी बांधावर बसून ती कुठे अडते हे पाहणे त्याला जमत नाही. आणि तिच्याशी बोलायला इंग्रजी नव्हे, मराठीच लागते.

बहुतेक घरांत चूक होते ती तारखेची. बारावीचा निकाल लागला की चौकशीला निघायचे, ही आपली रीत. यूसीड मात्र जानेवारीत, म्हणजे बारावीच्या परीक्षेआधीच होते आणि तिचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरावे लागतात. तेव्हा घरात यंदा बारावीचे मूल असेल, तर सोयाबीनची काढणी चालू असतानाच एक दिवस काढा, तालुक्याला जा, आणि अर्ज तिला स्वतःच्या हाताने भरू द्या. भरताना ती कुठे अडली, तेही लिहून ठेवायला सांगा.